मधे बसलेली रंबाय

माझ्या रंबायमावशीला कुणी विचारलं, की बाई, तू जन्मभर काय केलंस, तर ती म्हणेल, "सांगितलं."

काय सांगितलं? तर आई म्हणाली ते नवऱ्याला, आणि नवरा म्हणाला ते आईला. एवढं बोलून ती घसा खाकरेल आणि चुलीकडे वळेल. आणखी काही विचारलंत तर म्हणेल, "बस की आता. माझं मेलीचं तोंड आहे का नदी?"

आम्हा रानच्या लोकांत जावई आणि सासू एकमेकांशी बोलत नाहीत. यात भांडण नाही, मान आहे. एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, एकमेकांच्या चटईवर बसायचं नाही, वाटेत समोरासमोर आलं तर एकानं झाडीत शिरायचं. बोलणं अगदीच अडलं तर मधे एक माणूस बसवायचं. त्याला सांगायचं, त्यानं पुढे सांगायचं. तिकडच्याच्या कानावर शब्द पडले तरी पडले नाहीत असं धरायचं. मधलं माणूस बोललं की मग ते ऐकलं म्हणायचं. ही रीत मोडलेली वरच्या कारेय देवाला खपत नाही. गडगडाट त्याचाच. जवळच्या गेरिक गावच्या बाजारातले मलाय दुकानदार यावरून आमची खूप थट्टा करतात. "तुमच्या जावयांची मजा आहे बुवा!" म्हणतात. त्यांनी एकदा माझ्या मावशीला बघावं.

बाकीच्या घरांत हे फार जड जात नाही. सासू राहते दूर, जावई असतो रानात, महिन्याकाठी कधी निरोपाची वेळ आली तर आली. पण धरणाचं पाणी चढलं आणि सरकारनं आम्हाला जंगलातून काढून रस्त्याकडेच्या या वस्तीत आणून बसवलं, तेव्हा आजोबा आधीच गेले होते, माझी आईही गेली होती. सेरायआजी एकटी. ती रंबायमावशीच्या घरी आली. घर सरकारी, मधे एक फळ्यांची भिंत, तिलाही फटी. भिंतीच्या एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला मावशीचा नवरा पुलायकाका. दोघंही मितभाषी असते तर मावशीचा जन्म सुखात गेला असता. पण देवानं दोघांना जी जीभ दिली ती विचारू नका.

सकाळ उजाडली की सुरू.

"रंबाय, त्याला विचार, कालचा वेत कुठून आणला."

"आई विचारते, कालचा वेत कुठून आणलास."

"तिला सांग, वरच्या झऱ्यापलीकडून. अस्वलानं पोळं फोडलं होतं ना, त्या झाडाच्या मागून."

"तो म्हणतो, वरच्या झऱ्यापलीकडून, अस्वलानं..."

"ऐकलं मी."

"ऐकलं नाहीस, आई. माझं अजून सांगून व्हायचंय."

आणि मावशी शेवटपर्यंत सांगायची. शब्द कमी नाही, शब्द जास्त नाही. दोघांच्या शिव्यासुद्धा जशाच्या तशा पोचवायची. काका म्हणाले, "म्हातारीला सांग, तिनं भाजलेला कंद खायचा तर आधी कुऱ्हाड लागते," की मावशी भिंतीकडे तोंड करून, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, तेच म्हणायची. आजी उसळायची, "सांग त्याला, कुऱ्हाड उचलायला अंगात जोर लागतो!" की तेही परत. मी एकदा म्हटलं, "मावशी, जरा गोड करून सांगावं गं. तुझ्याच घरातली भांडणं कमी होतील."

"शब्द त्यांचे," ती म्हणाली. "मी त्यात मीठ कशाला घालू?"

तिची दमणूक बघवत नसे. ती नदीवर धुवायला गेली की घर चिडीचूप, आणि टोपली काखेत घेऊन परतली की दोन्ही बाजूंनी एकदम हाका. तिला ताप आला तेव्हा दोघं चांगले शहाण्यासारखे गप्प बसले, काळजी करत बसले, आणि तिनं डोळे उघडल्या उघडल्या आजी म्हणाली, "बरं वाटतंय ना? मग त्याला विचार..." दुपारी कधी कधी ती झोपेचं सोंग घ्यायची. मला ठाऊक होतं, कारण झोपलेल्या माणसाचं कपाळ असं आक्रसलेलं नसतं. "मी मेले ना," ती म्हणायची, "तरी हे मला उठवतील. म्हणतील, जरा तेवढं सांग आणि मग मर."

मुलूख मात्र त्या दोघांच्याच तोंडी उरला होता. आजी नदीच्या वरच्या अंगाची, काका खालच्या. मधलं सगळं रान आता पाण्याखाली. कुठल्या कड्यावर कोणत्या वाऱ्यात मधमाश्या परत येतात, कुठल्या वळणावर कुणाच्या आजीनं वाघाला नावं ठेवून पळवलं, कंद कडू कधी होतो, यावर ते दोघं जन्मभर भांडले. आमच्या बोलीत असं लांबलचक भांडणारं दुसरं कुणी राहिलंच नाही. वस्तीतल्या माझ्या वयाच्या माणसांना सगळं समजतं, पण उत्तर तोंडात मलायमध्येच येतं. मुलांना तर समजतही नाही. त्यांच्या लेखी म्हातारी काहीतरी कुरकुरते.

हे ऐकून आमची बोली टिपून ठेवायला विद्यापीठातली एक मुलगी आली. हुई लिन तिचं नाव. मुलगी चांगली होती हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी तिच्यावर दात खाऊ नये. आजीसाठी बिस्किटं आणायची, मावशीसाठी घशाला गोळ्या आणायची, चिखलात मांडी घालून बसायची. मी वस्तीच्या बालवाडीत काम करते, म्हणून मला तिच्या दिमतीला दिलं. रीत काय आहे ते मी तिला समजावलं.

"म्हणजे एकमेकांशी अजिबातच नाही?" तिनं विचारलं.

आजीला मी तो प्रश्न सांगितला, तर आजी तोंडाला पदर लावून हसली. "पोरीला विचार, तुझ्या आईला तुझ्या नवऱ्याशी बोलून काय मिळालं?"

"माझं लग्न झालेलं नाही," हुई लिन म्हणाली.

"मग तुला बोलायला पुष्कळ वेळ आहे म्हणावं."

तिनं पुन्हा तो प्रश्न काढला नाही. मावशीच्या एका बाजूला एक आवाज टिपायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला एक यंत्र मांडून ती कितीतरी दुपारी भिंतीशी बसली. आजी रंगात आली. काकाही आले. कुणी ऐकतंय म्हटल्यावर दोघांना जोर चढला, आणि सगळा भार मावशीच्या घशावर. संध्याकाळी तिचा आवाज बसायचा आणि ती नुसत्या खुणेनं मला चहा मागायची.

"अजून किती दिवस?" तिनं मला एकदा विचारलं.

"का गं?"

"त्या पोरीचं यंत्र भरलं की हे दोघं रिते होतील का, तेवढं विचार."

दुरियन फळांचा हंगाम सरला आणि हुई लिन परत आली. या वेळी मोठाले कर्णे घेऊन. सामाईक सभागृहात खुर्च्या मांडल्या, जिल्ह्याचे साहेब आले, परातीत तळलेल्या शेवया आणि लाल सरबत. सगळ्या वस्तीनं आपल्या म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकावं, पोरांनी ऐकावं, हा कार्यक्रम. सभागृहात रीतीप्रमाणे आजी एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला पाठमोरे, आणि मावशी मधे. तिनं गुलाबी ब्लाऊज घातला होता. लग्नातसुद्धा तिला असं नटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

हुई लिननं बटण दाबलं.

आजीचा आवाज आला, खणखणीत: "वरच्या कड्यावरचं मधाचं झाड पडलं तेव्हा वारा कुठला होता?"

लगेच काकांचा: "खालचा. पान उलटं करणारा."

"खोटं. त्या वाऱ्यात माश्या हलत नाहीत."

"हलतात. या डोळ्यांनी बघितलंय."

"डोळे तेव्हाही असेच होते वाटतं."

पोरं खदाखदा हसली. त्यांना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. साहेबांनी मान डोलावली. मीही आधी हसले. मग माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी कान झाकले, आणि मग माझ्या ध्यानात आलं. मावशी कुठे होती? पोरीनं मधलं सगळं काढून टाकलं होतं. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी असलेलं 'त्याला सांग', 'तिला सांग' तेही खरवडून काढलं होतं, कंदावरची माती काढावी तसं. त्या कर्ण्यांतून आमची आजी आपल्या जावयाशी तोंडाला तोंड देत बोलत होती, भर सभेत, वस्तीतल्या लेकराबाळांसमोर.

काका उठले आणि जमिनीकडे बघत बाहेर गेले. आजीनं पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढला. कुणी काही बोललं नाही, कारण साहेब बसले होते, आणि साहेबांसमोर काय बोलायचं हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही.

मी मावशीकडे पाहिलं. ती ताठ बसून ऐकत होती. आजीचं वाक्य संपलं की तिचे ओठ हलायला लागायचे, पण यंत्र थांबत नव्हतं. ती निम्म्यावर असतानाच काकांचा आवाज यायचा, मग ती ते सोडून त्यांचं वाक्य धरायची, तोवर आजी पुढे गेलेली. जन्मात कधी न चुकलेली बाई त्या खुर्चीवर एकसारखी मागे पडत होती. मला इतका राग आला की हातातल्या शेवया खाली सांडल्या.

संपल्यावर हुई लिन तिच्याजवळ आली. "आवडलं का, मावशी?"

"छान आहे," मावशी म्हणाली. "मी कुठाय?"

पोरगी गोंधळली. "तुमचं... म्हणजे एकच वाक्य दोनदा येत होतं ना. ऐकणाऱ्याला कंटाळा येतो, म्हणून तेच ते काढलं."

"हो," मावशी म्हणाली. "तेच ते."

आणि उठून घरी गेली. मी हुई लिनला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. ती गाडीला टेकून रडली. पुन्हा सगळं नीट जोडून देते म्हणाली, आणि दिलंही तिनं पुढे. ते माझ्या कपाटात पडून आहे. ते लावायचा धीर वस्तीत कुणालाच झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गडगडलं. त्या महिन्यात आमच्याकडे रोजच गडगडतं. मी शाळेत शिकलेली आहे, ढगांत काय होतं ते पोरांना चित्र काढून दाखवते. तरी त्या दिवशी मी पोरांना सोडून मावशीच्या घराकडे धावले. असं झालं की चूक केलेल्यानं नडगीला चीर द्यायची, रक्त पाण्यात मिसळून वर उडवायचं आणि कारेयला म्हणायचं, घे, चुकलं. इकडून आजी कोयता घेऊन अंगणात आली, तिकडून काका सुरी घेऊन आले. दोघंही एकमेकांकडे पाठ करून उभे. मधे बोलायला कुणी नाही, म्हणून दोघांनाही कळेना की दुसरा कशाला आला आहे.

मावशी घरातून आली, चहाच्या मगात पाणी घेऊन. तिनं काकांच्या हातातली सुरी काढून घेतली आणि आपल्या नडगीला चीर दिली.

"मावशी, तू काय केलंस?" मी ओरडले. "तुझी कसली चूक?"

"मधली जागा माझी," ती म्हणाली. "रिकामी राहिली, तर कुणाची चूक?"

तिनं रक्त मगात धरलं आणि ते पाणी वर उडवलं. थोडं तिच्याच केसांवर पडलं.

कारेयचं समाधान झालं असावं, कारण त्याचं ठरलेलं तेवढं गडगडून तो गेला. आमच्या घरात मात्र सगळं बंद पडलं. आजी लाजेनं काळवंडली. "माझा आवाज त्याच्याशी बोलला," एवढंच ती म्हणत राहिली, आणि रबराच्या झाडांपलीकडे पानांची झोपडी करून तिकडे राहायला गेली. काका पहाटेच रबराचा चीक काढायला जायचे, येऊन जेवायचे, बाहेर बसायचे. मावशीकरवीसुद्धा कुणी कुणाला काही सांगेना. 

मी म्हटलं, "चला, तुझी सुटका झाली. आता झोप काढ."

"झोपच येत नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, हे दोघं गप्प बसतील त्या दिवशी मी पाय पसरून पडेन. आता पडते नुसती." मग ती भिंतीच्या फटीकडे वळली. "ऐकलंस ना तू? किती पटापट बोलत होते. माझ्यावाचून काही अडत नव्हतं त्यांचं. मी जन्मभर मधे बसले, ती त्यांची वाट अडवूनच बसले की काय?"

मी तिच्या नडगीवरची पट्टी बदलली. उत्तर सुचलं असतं तरी ते मलायमध्ये आलं असतं.

आजी खंगत चालली. मी जेवण घेऊन जायची. ती आपल्या बोलीत एखाददुसरं वाक्य बोलायची, मी मलायमध्ये उत्तर द्यायची, मग ती माझ्याकडे दमल्यासारखी बघायची आणि पुढचं बोलायची नाही. बोलायला माणूस नाही म्हणून माणूस कसं आटतं ते मी तेव्हा बघितलं. एक दिवस तर तिनं माझ्याशी मलायमध्येच बोलायला सुरुवात केली, मोडक्यातोडक्या. "भात ठेव. जा. बरी आहे." मला ते ऐकवेना. मी येऊन मावशीला सांगितलं, आणि ती ऐकता ऐकता उभी राहिली.

"छप्पर गळतं का तिचं?"

"गळतं."

"मग जावयाचं काम आहे ते," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन काकांना म्हणाली, "चल. पानं घे."

आम्ही तिघं गेलो. काका झोपडीच्या मागच्या अंगाला गेले आणि पाठमोरे उभे राहून जुनी पानं उपसायला लागले. आजीनं पदर ओढून घेतला आणि आत चुलीकडे तोंड केलं. मावशी दोघांच्या मधे, दारातल्या ओंडक्यावर बसली. मी भाताचं भांडं धरून उभी. काका एक पान काढायचे, एक लावायचे.

मग मावशी चुलीकडे वळून म्हणाली, "आई, तो विचारतो, पाणी नक्की कुठून गळतं."

काकांनी तोंड उघडलंच नव्हतं. त्यांचे हात थांबले.

आजीनं पदराखालून लेकीकडे बघितलं. "त्यानं विचारलं?"

"हो."

"असं धड विचारतो होय तो?"

"विचारलं त्यानं," मावशी म्हणाली. जन्मभर ज्या बाईनं एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, ती माझ्या डोळ्यांदेखत आईच्या तोंडावर खोटं बोलत होती, आणि तिथे असलेल्या सगळ्यांना ते कळत होतं.

आजी चुलीतलं लाकूड उगाच पुढे-मागे करत राहिली. शेवटी म्हणाली, "त्याला सांग, डोक्यावरच गळतं. म्हातारीचं डोकं बघूनच त्यानं पानं लावली असतील."

"आई म्हणते, डोक्यावरच गळतं. म्हातारीचं डोकं बघूनच तू पानं लावली असशील."

काका पाठमोरेच होते. त्यांनी हातातलं पान उलटसुलट करून पाहिलं, दोनदा घसा साफ केला.

"तिला सांग," ते म्हणाले, "झोपडी तिनं बांधली, पानं तिनं लावली. आणि ही पानं रस्त्याकडेची आहेत, कुजणारच. वरच्या झऱ्याची आणून घालतो."

"तो म्हणतो, झोपडी तू बांधलीस, पानं तू लावलीस. ही रस्त्याकडेची, कुजणारच. वरच्या झऱ्याची आणून घालतो."

"वरच्या झऱ्याला ती पानं नसतात म्हणावं. कधी होती? त्याच्या आजोबाच्या वेळीही नव्हती."

"आई म्हणते..."

"होती! तिला सांग, मी स्वतः..."

"त्याला विचार, कुठल्या बाजूला? उगवतीला की..."

"थांबा!" मावशी म्हणाली. तिनं एक हात आजीकडे केला, एक काकांकडे, आणि तिला जोराचा खोकला आला. "एकेकानं. मला जरा श्वास तर घेऊ द्या."

मी तिला पाणी दिलं. तिनं सावकाश प्यायलं, भांडं खाली ठेवलं, तोंड पुसलं, गळा चोळला. आजी चुलीकडे बघत होती. काका हातात पान धरून पाठमोरे उभे होते. तिचं सगळं होईपर्यंत दोघांपैकी कुणीही एक शब्द बोललं नाही.